कंबरेच्या मणक्याची झीज: कोणत्या क्रमाने काय करायचं

कंबर धरली आणि पाय दुखायला लागला की बहुतेक घरांत सगळं उलट्या क्रमाने होतं. आधी एमआरआय काढला जातो. मग रिपोर्टमधले शब्द वाचून धसका बसतो, मग पट्टा येतो, अंथरूण धरलं जातं, कुणीतरी पाठवलेला व्यायामाचा व्हिडिओ बघून व्यायाम सुरू होतो, आणि नीट तपासणी सगळ्यात शेवटी होते. तोवर दोन-तीन महिने निघून जातात. ज्यांना तातडीने उपचार हवे होते त्यांना उशीर होतो आणि ज्यांना फक्त धीर धरायचा होता ते ऑपरेशनच्या चर्चेपर्यंत पोहोचलेले असतात.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच आहे. झिजलेला मणका पायाकडच्या नसांना दोन अगदी वेगळ्या प्रकारे त्रास देतो आणि त्या दोघांचे व्यायाम एकमेकांच्या उलट आहेत. आपला प्रकार कोणता हे न ओळखता केलेला व्यायाम दुखणं वाढवतो. म्हणून इथे ओळख आधी आहे, उपचार नंतर.

हा लेख कंबरेच्या मणक्यांपुरता आहे. मानेच्या मणक्यांचे नियम वेगळे आहेत.

## आधी एवढं समजून घ्या

कंबरेत पाच मणके असतात, एल१ ते एल५, आणि त्याखाली माकडहाडाच्या वरचा त्रिकास्थीचा भाग, एस१. दर दोन मणक्यांमध्ये एक गादी, म्हणजे डिस्क. मागच्या बाजूला दोन छोटे सांधे आणि त्यांच्या आत नसांची नळी. सगळ्यात जास्त झीज एल४-एल५ आणि एल५-एस१ या दोन जागी होते, कारण वाकण्याचा आणि वजनाचा बहुतेक भार तिथेच येतो.

मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. वयाबरोबर तिच्यातलं पाणी कमी होतं, उंची घटते. मग दोनपैकी एक गोष्ट त्रास देऊ लागते. एकतर गादीचं बाहेरचं कडं फाटून आतला गर मागे येतो आणि एखादी नस दाबतो, ज्याला आपण स्लिप डिस्क किंवा सायटिका म्हणतो. नाहीतर वर्षानुवर्षं सांधे जाड होतात, आतला अस्थिबंध फुगतो, हाडाची टोकं वाढतात आणि नळीच अरुंद होते. हा कॅनॉल स्टेनोसिस. पहिला प्रकार साधारण तिशी ते पन्नाशीत जास्त दिसतो, दुसरा साठीनंतर. काही जणांत दोन्ही एकत्र असतात.

## टप्पा १: धोक्याची लक्षणं आहेत का, हे पहिल्या दिवशी तपासा

खालीलपैकी एकही असेल तर पुढचे टप्पे वाचत बसू नका.

त्याच दिवशी, काही तासांत, मोठ्या रुग्णालयात जा:
- लघवी तुंबली आहे, किंवा लागल्याचं कळत नाही, किंवा नकळत होते
- शौचावरचा ताबा गेला आहे
- जांघेचा आतला भाग, गुद्द्वार आणि जननेंद्रियाभोवतीची जागा बधिर झाली आहे (पुसताना स्पर्श कळत नाही)
- दोन्ही पायांत एकदम वेदना किंवा कमजोरी आली आहे
- पाऊल लुळं पडलं आहे किंवा पायातली ताकद दिवसागणिक कमी होते आहे

पहिली चार लक्षणं शेपटीकडच्या नसांचा गुच्छ दबल्याची असू शकतात. त्यात लघवीवरचा ताबा परत येणं हे नस किती लवकर मोकळी केली यावर अवलंबून असतं. ज्या रुग्णालयात एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही आहेत तिथेच थेट जा. वाटेत मालिश, शेक, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ओढणं) काहीही नको.

एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा:
- संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणं, झोपेतून उठवणारी वेदना. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही दिसतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो.
- आधी कधी कॅन्सर झालेला असणं
- साठीनंतर किंवा बरेच महिने स्टेरॉइड घेतल्यानंतर, किरकोळ घसरण्याने किंवा जड उचलल्याने अचानक तीव्र वेदना. ठिसूळ हाडाचा मणका दबलेला असू शकतो.
- चालताना तोल जाणं, शर्टाची बटणं लावताना बोटं न चालणं. इथे मूळ मानेत असू शकतं आणि फक्त कंबरेचा एमआरआय काढला तर ते नजरेतून सुटतं.

## टप्पा २: तुमचं दुखणं कोणत्या प्रकारचं

आठवडाभर वहीत चार गोष्टी लिहा: दुखणं कुठून कुठपर्यंत जातं, कोणत्या स्थितीत वाढतं, कशाने कमी होतं, आणि न थांबता किती मिनिटं चालता येतं. औषध बदललं तर तेही लिहा. डॉक्टरांच्या खोलीत पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात ही एक वही एमआरआयपेक्षा जास्त सांगते.

अ प्रकार, गादीमुळे दबलेली नस. वेदना बहुतेक एकाच पायात, कुल्ल्यापासून गुडघ्याखाली जाते, विजेचा झटका बसल्यासारखी. बसल्यावर, पुढे वाकल्यावर, खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना वाढते. उभं राहिल्यावर किंवा थोडं चालल्यावर बरं वाटतं. उताणं झोपून दुसऱ्या कुणी सरळ पाय उचलला तर साधारण ३० ते ७० अंशांत गुडघ्याखाली कळ जाते. नुसती मांडीच्या मागची शीर ताणली गेली तर ती खूण धरू नका.

ब प्रकार, नळी अरुंद. बसलेलं असताना काही नाही. मंडईत निघालात, दहा मिनिटं चाललात की दोन्ही पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात, पाय ओढल्यासारखे होतात. कठड्यावर बसून जरा पुढे झुकलं की चार-पाच मिनिटांत सगळं मोकळं, आणि पुन्हा तेवढंच चालता येतं. ट्रॉली किंवा वॉकर धरून, पुढे झुकून जास्त लांब जाता येतं. सायकल चालवताना त्रास होत नाही. कारण साधं आहे: पुढे झुकलं की नळी किंचित रुंदावते, ताठ उभं राहिलं की आवळते.

क प्रकार, फक्त कंबर. पायात काहीच जात नाही. सकाळी कंबर आखडलेली, हालचालीने सैल होते, दिवसाअखेर पुन्हा दुखते. ऑपरेशनचा उपयोग यात सगळ्यात कमी आणि व्यायामाचा सगळ्यात जास्त.

पडताळा: हे मणक्याचं नसूही शकतं.
- नुसतं उभं राहून, न बसता पोटरीची वेदना थांबत असेल, सायकलवरही येत असेल, पाऊल थंड पडत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासा. तंबाखू आणि मधुमेह असलेल्यांनी तर आधी हेच.
- दोन्ही पावलांत मोजे घातल्यासारखी जळजळ, रात्री जास्त, चालण्याशी संबंध नाही: मधुमेहाची न्यूरोपॅथी (नसांना झालेली इजा) किंवा बी१२ ची कमतरता. शाकाहारी आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी१२ कमी असण्याची शक्यता जास्त.
- जांघेत दुखतं, मांडी घालता येत नाही, पायाची नखं कापायला त्रास होतो: खुब्याचा सांधा बघा. खुबा झिजलेला असताना मणक्याचं ऑपरेशन करून काही साधत नाही.

## टप्पा ३: पायाची ताकद घरीच तपासा

भिंतीजवळ, कुणाला तरी सोबत घेऊन, अनवाणी. वेदनेमुळे जमत नाही आणि ताकदच नाही या दोन गोष्टी वेगळ्या लिहा.

१. टाचांवर चाला, दहा पावलं. चवडा वर धरता येत नसेल तर एल४-एल५ च्या नसा अशक्त आहेत.
२. अंगठा वर उचला. दुसऱ्याने बोटाने खाली दाबायचं. दोन्ही पायांची तुलना करा. एल५ ची ही सगळ्यात संवेदनशील खूण आहे, चालण्यात फरक पडायच्या आधी इथे कळतं.
३. एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उठा, भिंतीला फक्त बोटं लावून. चांगल्या पायावर दहा होतात आणि दुखऱ्यावर चारच, तर एस१.
४. खुर्चीतून हात न लावता उठा. जमत नसेल तर मांडीचे स्नायू, म्हणजे वरच्या नसा.

बधिरपणाची जागाही बघा. नडगीची आतली बाजू एल४, पावलाचा वरचा भाग आणि अंगठा एल५, पावलाची बाहेरची कड आणि करंगळी एस१. ही नोंद पुढे एमआरआयशी जुळवायची आहे.

तपासणी दर चार दिवसांनी पुन्हा करा. वेदना कमी झाली पण ताकदही कमी झाली, तर ती सुधारणा समजू नका. नस पूर्ण दबली की दुखणं थांबू शकतं. अशा वेळी लगेच दाखवा.

## टप्पा ४: कोणत्या तपासण्या, आणि केव्हा

धोक्याचं लक्षण नसेल तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयची गरज नसते. त्याने उपचार बदलत नाहीत, भीती वाढते. एमआरआय तेव्हाच, जेव्हा ताकद कमी होते आहे, सहा आठवडे नीट उपचार करूनही पायाचं दुखणं थांबत नाही आणि इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार सुरू आहे, किंवा संसर्ग, कॅन्सर, फ्रॅक्चरची शंका आहे.

एक्सरे काढायचा तर उभं राहून काढा, आणि मणका सरकल्याची शंका असेल तर पुढे वाकून व मागे वाकून असे दोन जादा. झोपून काढलेल्या एक्सरेत आणि एमआरआयमध्ये सरकणारा मणका जागेवर दिसू शकतो. ही चूक वारंवार होते आणि ऑपरेशनचा निर्णयच चुकवते.

रक्तात साखरेचा एचबीए१सी, बी१२, डी जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). ताप किंवा वजन घटलेलं असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (शरीरात संसर्ग किंवा दाह आहे का हे सांगणाऱ्या). साठीच्या पुढच्या स्त्रियांनी हाडांची घनता, म्हणजे डेक्सा, एकदा करून घ्यावी.

एमआरआयच्या आधी: पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर सांगा. बंद नळीत घाबरायला होत असेल तर वेळ ठरवतानाच सांगा. फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या, कारण दुसरं मत घेताना सर्जनला चित्रं बघायची असतात, रिपोर्ट नव्हे.

### रिपोर्ट कसा वाचायचा

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांची चित्रं एकत्र पाहिली गेली. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत होती. गादी फुगलेली, म्हणजे बल्ज, विशीत ३० आणि ऐंशीत ८४ टक्के. म्हणून ‘डेसिकेशन’ (गादीतलं पाणी कमी), ‘डिफ्यूज बल्ज’, ‘ऑस्टिओफाइट’ (हाडाचं वाढलेलं टोक), ‘श्मोर्ल्स नोड’ (गादीचा मणक्याच्या हाडात शिरलेला छोटा भाग) हे शब्द वाचून कामधंदा सोडायचं कारण नाही.

लक्ष द्यायचं ते ‘एक्सट्रूजन’ (गर कड्याबाहेर आलेला), ‘सिक्वेस्ट्रेशन’ (गराचा तुकडा सुटलेला), ‘सिव्हिअर कॅनॉल स्टेनोसिस’ (नळी फार अरुंद) आणि ‘लिस्थेसिस’ (मणका सरकलेला) या शब्दांकडे. तेही एका अटीवर: रिपोर्टातली पातळी आणि बाजू तुमच्या वहीतल्या पायाशी आणि बोटाशी जुळली पाहिजे. डाव्या पायाला त्रास आणि रिपोर्टात उजवीकडे गादी, तर ती गादी गुन्हेगार नाही. गंमत वाटेल, पण सुटून बाहेर आलेला गराचा मोठा तुकडा शरीर स्वतःहून विरघळवण्याची शक्यता साध्या फुगवट्यापेक्षा जास्त असते. तुकडा मोठा म्हणून ऑपरेशन, असं गणित नाही.

## टप्पा ५: पहिले सहा आठवडे

हालचाल. अंथरुणात जास्तीत जास्त एक-दोन दिवस, तेही फक्त वेदना असह्य असेल तर. त्यानंतर घरातल्या घरात दर तासाला पाच मिनिटं चाला. आठवडाभर झोपून काढलं की कंबरेचे स्नायू झपाट्याने अशक्त होतात आणि उठल्यावर दुखणं वाढलेलं असतं.

झोप. जमीन किंवा लाकडी फळी नको. मध्यम घट्ट गादी चांगली. अ प्रकारात कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. ब प्रकारात उताणं, गुडघ्यांखाली दोन उशा.

शेक. गरम पाण्याची पिशवी १५ ते २० मिनिटं, मध्ये कापड ठेवून. मधुमेहाने बधिर झालेल्या पायावर शेक देऊ नका, भाजल्याचं कळत नाही.

औषधं. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच कुळातली. थोडे दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय एकही घेऊ नका. हमखास होणारी गडबड अशी: दोन डॉक्टरांनी दिलेल्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या, आणि दोन्हींत एसिक्लोफेनॅक व पॅरासिटामॉल. पाकिटामागचे घटक वाचा किंवा दुकानदाराकडून वाचून घ्या. प्रीगॅबलिन, गॅबापेंटिन या नसांच्या गोळ्यांनी चक्कर येते, वयस्कर माणसं रात्री लघवीला उठताना पडतात. त्यांचा उपयोग सायटिकात मर्यादित आहे. बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंद करू नका, टप्प्याने कमी करा.

सावधान: ‘शंभर टक्के गुण’ देणाऱ्या निनावी पुड्या आणि काळ्या गोळ्या. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. तीन दिवसांत आराम पडतो, पण साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. घेत असाल तर लपवू नका. बरेच दिवस घेतल्यावर अचानक सोडणंही धोक्याचं असतं.

पट्टा. प्रवासात किंवा उभ्याने काम करताना एक-दोन तास. दिवसभर आणि झोपेत नको. महिनाभर सतत वापरलेल्या पट्ट्याची सवय सोडवायला पुढे वेळ जातो.

नको ते: पाठीवर पाय देणं, झटका देऊन ‘मणका बसवणं’, बधिरपणा असताना जोराची मालिश. ट्रॅक्शनने सायटिका बरी होते असा भक्कम पुरावा नाही. दहा दिवस त्यात घालवण्यापेक्षा ते दिवस व्यायाम शिकण्यात घालवा.

सायटिकाच्या बहुतेक रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत बराच आराम पडतो. या काळात उद्दिष्ट एकच: ताकद टिकवायची आणि घाबरून चुकीचं काही करायचं नाही.

## टप्पा ६: व्यायाम, प्रकारानुसार

पहिले दोन-तीन वेळा फिजिओथेरपिस्टसमोर करा. मशीनचा शेक आणि करंट घेऊन परत येणं ही फिजिओथेरपी अपुरी आहे. तुमच्याकडून व्यायाम करून घेणारी व्यक्ती शोधा.

### अ प्रकारासाठी: मागच्या दिशेचे

१. पालथं झोपा, दोन-तीन मिनिटं. फार दुखलं तर पोटाखाली पातळ उशी, ती दोन दिवसांत काढायची.
२. कोपरांवर छाती उचला, एक-दोन मिनिटं. श्वास चालू.
३. तळहात टेकून कोपर हळूहळू सरळ करा, कंबर आणि कुल्ला सैल, ओटीपोट जमिनीलाच. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी.

इथे एक खूण सगळ्यात महत्त्वाची. व्यायाम करताना पावलातली वेदना पोटरीत, मग मांडीत, मग कंबरेत सरकत गेली तर दिशा बरोबर आहे, कंबर थोडी जास्त दुखली तरीही. वेदना उलट कंबरेतून खाली पावलाकडे गेली तर तिथेच थांबा. पुढचे व्यायाम करू नका.

या काळात पश्चिमोत्तानासन, हलासन, पादहस्तासन आणि सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणं बंद. पोट कमी करायला उताणं झोपून धड उचलायचे सिट-अप्सही बंद. सकाळी उठल्यावर पहिला तासभर तर वाकूच नका: रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते आणि तेव्हा तिच्यावर ताण जास्त येतो. केर काढणं, बादली उचलणं, बुटाची नाडी बांधणं तासभर पुढे ढकला.

### ब प्रकारासाठी: पुढच्या दिशेचे

१. उताणं झोपून गुडघे वाकवा, कंबरेची पोकळी जमिनीला चिकटवा, पाच सेकंद धरा. दहा वेळा.
२. एक गुडघा छातीकडे, मग दुसरा, मग दोन्ही. २० ते ३० सेकंद, तीनदा. गुडघे दुखत असतील तर मांडीच्या मागून धरा.
३. स्थिर सायकल, हँडलवर किंचित झुकून, १० ते १५ मिनिटं.
४. तुकड्यातुकड्याने चालणं. पाय जड व्हायला लागले, पण अजून असह्य नाहीत, तिथेच बसा, पुढे झुका, दोन मिनिटं थांबा, पुन्हा चाला. एकूण २० ते ३० मिनिटं. जड झालेले पाय रेटत नेऊ नका.

भुजंगासन, धनुरासन, उष्ट्रासन, चक्रासन बंद. योगवर्गात ‘कंबरदुखीला भुजंगासन’ असं सरसकट सांगितलं जातं. ते अ प्रकारातल्या पुष्कळांना मानवतं, ब प्रकारातल्यांचे पाय त्याने बधिर होतात. शिकवणाऱ्यांना आपला प्रकार स्पष्ट सांगा.

अपवाद: हाडं ठिसूळ असतील तर ब प्रकारातही उभ्याने किंवा बसून पुढे वाकण्याचे व्यायाम नकोत. झोपून, हळुवार, एक-एक गुडघा एवढंच.

### तिन्ही प्रकारांसाठी: तीव्र कळ ओसरल्यावर

चार पायांवर येऊन समोरचा एक हात आणि विरुद्ध पाय सरळ, आठ ते दहा सेकंद. कुशीवर, कोपर आणि गुडघ्यावर शरीर उचलणं, तेवढाच वेळ. उताणं झोपून कुल्ला उचलणं, दहा वेळा. पहिल्या दोन व्यायामांत आधी सहा वेळा, मग चार, मग दोन अशा उतरत्या फेऱ्या घ्या; थकलेल्या स्नायूंनी ढब बिघडते आणि ताण पुन्हा गादीवर जातो. आठवड्यातून पाच दिवस, किमान तीन महिने. दुखणं थांबलं म्हणून व्यायाम थांबवणं हे ते परत येण्याचं नेहमीचं कारण आहे.

## टप्पा ७: रोजच्या कामातले बदल

भरलेल्या घरगुती सिलेंडरचं वजन साधारण ३० किलो असतं. तो उचलायचा नसतो, तिरका करून त्याच्या तळाच्या कडेवर फिरवत न्यायचा. ओट्याखाली सरकवताना वाकून ओढू नका, गुडघ्यावर बसून ढकला. पाणी भरताना एका हातात भरलेली कळशी नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या न्या. काहीही उचलताना वस्तू पोटाजवळ, गुडघे आणि खुबे वाकलेले, आणि वळायचं तर पावलांनी वळा. वाकणं आणि पिळणं एकाच वेळी झालं की गादी फाटू शकते.

खुरपणी, भाजीपाला तोडणी, कपडे धुणं: वीस मिनिटांनी काम बदला किंवा उठून उभं राहा. लांब दांड्याचं अवजार मिळत असेल तर तेच वापरा. अ प्रकारात जमिनीवर बसून जेवणं आणि भाकरी थापणं तात्पुरतं ओट्यावर आणा.

दुचाकी तीव्र काळात चार ते सहा आठवडे नको. एसटीने जायचं तर मागच्या चाकामागची सीट घेऊ नका, तिथे सगळ्यात जास्त आदळतं. मधली घ्या आणि थांबा आला की उतरून दोन मिनिटं चाला. खुर्चीत सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही.

तंबाखू आणि सिगारेट गादीला मिळणारं तुटपुंजं पोषणही कमी करतात आणि पुढे हाड जोडायचं ऑपरेशन झालं तर ते जुळायला अडथळा आणतात.

## टप्पा ८: मणक्यातलं इंजेक्शन

सहा आठवड्यांनंतरही पाय दुखतोच आहे, ताकद शाबूत आहे आणि एमआरआय लक्षणांशी जुळतो, अशा अ प्रकारात याचा विचार होतो. नसेजवळ स्टेरॉइड आणि बधिर करणारं औषध सोडतात. एक्सरेच्या चालत्या चित्राखाली करणाऱ्यांकडेच घ्या, अंदाजाने टोचणाऱ्यांकडे नको.

आराम काही आठवड्यांचा ते थोड्या महिन्यांचा असतो, आणि झीज त्याने भरून येत नाही. त्या मोकळ्या काळात व्यायाम वाढवायचा, त्यासाठीच ते असतं. ब प्रकारात फायदा बराच मर्यादित. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, रोज मोजा. रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस आधी थांबवायची हे इंजेक्शन देणारे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. स्वतःहून बंद करू नका.

## टप्पा ९: ऑपरेशन

केव्हा: लघवी-शौचाची लक्षणं असतील तर तातडीने. ताकद कमी होत असेल तर लवकर. बाकी, सहा ते बारा आठवडे नीट उपचार करूनही पायाची वेदना जगू देत नसेल, किंवा स्टेनोसिसमुळे चालणं घरापुरतं उरलं असेल तर.

नेदरलँड्समधल्या २००७ च्या एका चाचणीत सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्यांचे दोन गट केले होते. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मात्र पुढे ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे ताकद शाबूत असेल तर थांबणं सुरक्षित आहे, आणि सहन होत नसेल तर ऑपरेशन करून घेणंही चूक नाही. निर्णय वेदनेचा आणि तुमच्या कामाचा आहे.

कोणतं: अ प्रकारात बाहेर आलेला तुकडा काढणं, मायक्रोडिस्केक्टमी. ब प्रकारात नळी मोकळी करणं, डिकंप्रेशन. स्क्रू-रॉड घालून मणके जोडणं, फ्यूजन, हे मणका हालत किंवा सरकत असेल, व्यंग असेल तरच. २०१६ मध्ये स्वीडनच्या चाचणीत साध्या स्टेनोसिसमध्ये डिकंप्रेशनला फ्यूजन जोडून जादा फायदा दिसला नाही. स्क्रू सुचवले असतील तर दुसरं मत नक्की घ्या.

सर्जनला विचारा:
- कोणती पातळी, आणि ती माझ्या पायाच्या लक्षणांशी जुळते का?
- नुसती नस मोकळी करून भागेल का? स्क्रू का हवेत? उभ्याचे, वाकून काढलेले एक्सरे पाहिले का?
- काय बरं होणार नाही? (पायाची वेदना सगळ्यात आधी जाते, ताकद यायला महिने लागतात, बधिरपणा राहू शकतो, आणि नुसती कंबरदुखी जाईलच असं नाही.)

तयारी: साखर आटोक्यात, तंबाखू काही आठवडे आधीपासून बंद, दात किंवा लघवीचा संसर्ग असेल तर आधी बरा करा. विमा असेल तर मणक्याच्या आजारांना प्रतीक्षा काळ आहे का बघा, बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांचा असतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. घरात कमोड किंवा कमोडची खुर्ची आधीच लावून ठेवा.

नंतर: बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. कुशीवर वळून, हातावर जोर देऊन उठायचं, सरळ उठायचं नाही. पहिले दोन आठवडे एका वेळी २० ते ३० मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. साधारण सहा आठवडे वाकणं, पिळणं आणि दोन-तीन किलोंवरचं उचलणं बंद. फ्यूजन झालं असेल तर हा काळ सर्जन वाढवून सांगतील.

ताप, जखमेतून पू, जखमेतून पाण्यासारखा स्राव आणि उभं राहिल्यावर डोकं दुखणं, एका पोटरीला सूज, नव्याने बधिरपणा किंवा लघवीची अडचण: यातलं काहीही दिसलं तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. आणि काही महिने बरे गेल्यावर त्याच पायात जुनीच कळ परत आली, तर तीच गादी पुन्हा सरकली का हे बघावं लागतं. तेव्हाचा एमआरआय कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट करणारं, शिरेतून द्यायचं औषध) देऊन काढायचा असतो, नाहीतर ऑपरेशनचा व्रण आणि नवा तुकडा यांत फरक कळत नाही. जुन्या फिल्म आणि ऑपरेशनची नोंद सोबत घेऊन जा.